पंख्याच्या घरघरीला पाच गुण

विभागप्रमुख डॉ. राजहंसांचा शब्द विद्यापीठात कुणी खाली पडू देत नसे. प्रा. दिघे तर तो वरच्यावर झेलायचे. विभागात वृद्धाश्रमातल्या एकटेपणावर संशोधन चालू होतं. प्रत्येक मुलाखत तिघांनी वेगवेगळी ऐकायची, एकटेपणाला शून्य ते पाच गुण द्यायचे आणि तिघांचं कितपत जुळतं ते सूत्रानं काढायचं, अशी पद्धत. सर आणि दिघे मात्र एकाच खोलीत चहा पीत ऐकायचे. तिसरी शर्वाणी. तिच्याशी घरी बोलायला कुणी नव्हतं, विभागात कुणी बोलत नसे. ती कोपऱ्यात हेडफोन लावून बसायची.

निकालाच्या बैठकीत सर कडाडले, "आम्हा दोघांचे गुण तंतोतंत जुळतात. घोळ घातलाय तो हिनं. हिचे आकडे वगळा! ही गोदाआजींची मुलाखत घ्या. नुसती पंख्याची घरघर, बाई चकार शब्द बोलत नाही. आम्ही दोघांनी शून्य दिलं आणि हिनं पाच! काय गं, तुला एवढं काय ऐकू आलं?"

सगळे हसले.

"प्रश्न ऐकू आला, सर," शर्वाणी म्हणाली. "मीच विचारला होता. 'आजी, तुमच्याशी शेवटचं कोण बोललं?' त्यानंतरचा सगळा वेळ त्या आठवत होत्या. सोबत माणूस असलं की ते ऐकू येत नाही. एकदा एकट्यानं ऐकून बघा."

हसू विरलं. सरांनी सवयीनं दिघ्यांकडे पाहिलं. दिघे पहिल्यांदाच दुसरीकडे बघत होते.