पारख्याची फटफटी

फार दिवस झाले या गोष्टीला. शके एकोणीसशे वीस, आश्विन महिना. दसरा होऊन गेला होता आणि पहाटे गवतावर दव पडू लागलं होतं. साल सांगितलं, महिना सांगितला. गावाचं नाव सांगणार नाही, कारण असला माणूस कोणत्याही गावात सापडतो.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक पारखी राहत होता. बैलांचा पारखी. पंचक्रोशीत कोणाला बैल घ्यायचा असला, की तो याला बाजारात बरोबर नेई. पारखी बैलाचा जबडा उघडून दात बघे. खूर उचलून बघे, वशिंडावरून हात फिरवी, दगडगोट्यांतून चालवी, बसवी, उठवी. मग मालकाला शपथ घालून विचारी, मारका आहे का, बसका आहे का. बसका म्हणजे जो जुंपल्यावर मध्येच खाली बसतो आणि काही केलं तरी उठत नाही. एवढं होईपर्यंत ऊन डोक्यावर येई. घेणाऱ्याने घाई केली तर पारखी त्याला म्हणे, "तू भाकरी खाऊन ये. माझी शेपूट बघायची राहिलीय."

लोक कंटाळत, पण त्याने घेऊन दिलेला बैल कधी परत गेला नाही.

डोंगराच्या पलीकडच्या गावात त्याची थोरली बहीण होती. तिचा तेलाचा घाणा होता. नवरा गेल्यावर तो तिनेच चालता ठेवला. त्या भाद्रपदात तिचा घाण्याचा बैल म्हातारपणाने मेला. नवा भुईमूग घरोघरी आला होता, दिवाळी तोंडावर होती, आणि घाणा उभा होता.

बहिणीने साठवलेले पैसे फडक्यात बांधून भावाच्या हातात दिले. ती म्हणाली, "दिवाळीच्या आत बैल आण. लोक अजून थांबलेत. एकदा का शहराच्या तेलाचा डबा घरात आला, की पुन्हा घाण्याकडं कुणी येत नाही. मग मी काय करायचं ते तूच सांग."

पारखी म्हणाला, "अक्का, बैल कोण आणतोय ते बघ."

बघितलं तिने.

दसऱ्यानंतरच्या बाजारात पारख्याला हवा तसा बैल सापडला. छातीने रुंद, चालीने संथ, घाण्याला जसा लागतो तसाच. मालक एक शांत म्हातारा होता. पारख्याने सकाळभर बैल तपासला. खोट निघाली नाही. शेपूट तेवढी राहिली होती. चहा पिऊन येतो म्हणाला आणि गेला. तिथेच चुकलं.

चहाच्या पालाशेजारी एक फटफटी उभी होती. साधी नव्हे. उंच, सडपातळ, चाकांना दाते, पुढचा मडगार्ड चाकापासून हातभर वर. काळा चष्मा लावलेला एक शहरी माणूस तिच्याजवळ उभा होता. ही डोंगरात पळते म्हणाला. चिखल, ओढा, खडक, काही बघत नाही. शर्यती मारल्यात हिने. फटफटी चालूच होती आणि तिच्या आवाजाने अर्धा बाजार गोळा झाला होता.

पारख्याचं आयुष्य बैलांच्या मागून चालण्यात गेलं होतं. घाट चढताना मागच्या माणसाला जी धूळ मिळते ती त्याने भरपूर खाल्ली होती. तो त्या चाकांकडे बघत राहिला. मनात हिशेब सुरू झाला. ही असली तर आठवड्याला एकाऐवजी तीन बाजार होतील. दलाली तिप्पट. महिन्याभरात अक्काला एक सोडून दोन बैल. मनातला हिशेब नेहमी बरोबर येतो, कारण त्यात वजाबाकी नसते.

आता सौद्याचं ऐका. त्या बाजारात किंमत तोंडाने बोलत नसत. उपरण्याखाली हातात हात घालत आणि बोटं दाबून आकडा सांगत. शहरी माणसाला ही रीत ठाऊक नव्हती. त्याने किंमत सगळ्यांसमोर बोलून टाकली. पारखी मनात हसला. याला बाजार कळत नाही, म्हणजे हा भोळा आहे, असं त्याने धरलं. त्याने उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं आणि निम्म्याची बोटं दाबली. उपरणं नीट पसरलंही नव्हतं, तोवर तो माणूस हो म्हणाला.

दुसरा कोणी घेणारा असता तर पारख्याने त्याला बाजूला ओढून सांगितलं असतं की मालक इतक्या लवकर मान डोलावतो तेव्हा जनावरात खोट असते. पण घेणारा तोच होता. त्याला वाटलं, आपण जिंकलो.

दात बघितले नाहीत. खूर बघितले नाहीत. बसवून उठवून बघितलं नाही. बहिणीच्या फडक्याची गाठ सोडली आणि पैसे मोजले.

जाताना तो माणूस म्हणाला, "काका, कागद पुढच्या बाजारी आणून देतो. आणि मध्ये बंद करू नका. तापलेली आहे तोवर छान पळते."

पुढच्या बाजारी तो आला नाही हे सांगायला नको, तरी सांगितलं.

झाडाखाली बांधलेला बैल हे सगळं बघत होता. बैल बोलतात का, असं विचारू नका. अगदीच गप्प बसवत नाही तेव्हा बोलतात. तो मालकाला म्हणाला, "माझा जबडा त्यानं तीनदा उघडला. त्या लोखंडाला एकदा तरी खोकून दाखव म्हणाला का?"

म्हातारा म्हणाला, "तू वैरण खा. आज तू विकला जात नाहीस."

घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत पारखी राजा होता. दुसऱ्या वळणावर धूर आला. चढ उभा झाला तशी फटफटी खोकली, थरथरली आणि गप्प झाली. त्याने कीक मारली. कीक उलटी येऊन नडगीवर बसली. पुन्हा मारली, पुन्हा बसली. तोवर बाजारातून परतणारे लोक बैल घेऊन मागून आले. ते सावकाश चालत होते आणि तरी त्यांनी त्याला गाठलं.

एक जण म्हणाला, "काय पारखी, बसका निघाला का?"

दुसरा म्हणाला, "शेपूट पिळून बघा. उठेल."

पारख्याने हँडल घट्ट धरलं. तो ढकलत राहिला. माथ्यावर पोचला तेव्हा त्याचा सदरा घामाने पिळून काढावा असा झाला होता. पलीकडचा उतार लागला तशी फटफटी आपोआप सुरू झाली आणि तो मोठ्या आवाजात बहिणीच्या अंगणात उतरला. कोंबड्या पळाल्या.

बहीण बाहेर आली. तिने फटफटीभोवती एक फेरी मारली.

"हे खातं काय?"

"पेट्रोल, अक्का."

"माझ्याकडं पेंड आहे. आणि घाण्याला काय जुंपू? तुला?"

पारख्याने तिला तीन बाजारांचा हिशेब सांगितला. दलाली सांगितली, दोन बैल सांगितले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तुला बैल सांगितला होता." आणि आत गेली. चहा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी तो फटफटी टेम्पोत घालून तालुक्याच्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने सांगाड्यावरचा काळा रंग पान्याने खरवडला. खाली जोड होता. मोडलेला सांगाडा डाग देऊन चिकटवला होता. इंजिन खोललं तर आत झीज. याचे भाग आपल्याकडे मिळत नाहीत, मिळाले तर हिच्यापेक्षा महाग पडतील, असं त्याने सांगितलं. मग हात पुसत म्हणाला, "माझ्या भावाला बैल घेताना तुम्हीच आला होता ना? दिवसभर उन्हात उभं केलं होतं त्याला. हिला घेताना किती वेळ उभे होता?"

एक कप चहा होतो एवढा वेळ. पारख्याने टेम्पोवाल्याला हाक मारली.

फडक्यात जे थोडं उरलं होतं ते मिस्त्री, टेम्पो आणि पेट्रोल यांत गेलं. दिवाळी जवळ आली. बहिणीच्या गावात एसटीच्या टपावरून तेलाचा पहिला डबा उतरला. मग दुसरा. डबे तिच्या दारावरूनच नेले जात. नेणारे मान खाली घालून जात, पण जात.

अशात वरच्या वाडीच्या दूधवाल्याचा निरोप आला. त्याला डोंगरावरून दूध आणायला अशीच फटफटी हवी होती. बाजारात पारखी ती घेऊन जाताना त्याने बघितली होती. पारख्याने घेतली म्हणजे खोट नसणार, असं तो लोकांना सांगत होता. एक कालवड विकून पैसे तयार ठेवले होते. ते पैसे एका चांगल्या बैलाएवढे होते.

पारख्याने त्याला सकाळी बोलावलं. त्याला एव्हाना एक गोष्ट कळली होती. उतारावरून ढकलली की फटफटी सुरू होते, आणि सुरू असेपर्यंत कोणाला काही कळत नाही. दूधवाला यायच्या आधी त्याने ती उतारावरून आणली आणि गोठ्यासमोर चालू ठेवली. काळ्या रंगाचा एक हात जोडावर मारून झालाच होता.

गोठ्यात त्याची स्वतःची जोडी बांधलेली होती. त्यातला पांढरा बैल पोळ्याला गावाच्या पुढे चालत असे. त्याच्या शिंगांना पहिला बेगड लागे. पारख्याची सगळी शान म्हणजे तो बैल.

तो बैल म्हणाला, "थंडीत माझा मागचा डावा पाय आखडतो. हे तू आल्यागेल्याला सांगतोस. विचारलं नाही तरी सांगतोस. हिचं काय सांगणार आहेस?"

"तू गप्प बस. अक्काचा घाणा उभा आहे."

"हो. आणि उद्या दूधवाल्याचं काय उभं राहील?"

पारखी फटफटीजवळ गेला. मग त्याने ती बंद केली.

दूधवाला आला तोवर ती थंड झाली होती. पारखी त्याला म्हणाला, कीक मारून बघ. दूधवाल्याने मारली. घाम येईपर्यंत मारली. मग पारख्याने रंग खरवडून जोड दाखवला, झीज सांगितली, कागद नाहीत हेही सांगितलं. दूधवाल्याला राग आला. कालवड गेली होती आणि वाडीवर दूध उन्हात तापत होतं.

तो म्हणाला, "मग मला एवढं लांब बोलावलंत कशाला?"

"विकायला."

"मग विका की."

"नाही विकत."

दूधवाला, माणूस म्हातारा झाला की असं होतं, असं पुटपुटत गेला. फटफटी भंगारात गेली, वजनावर. आलेल्या पैशांत वैरणीचा एक भारा आला असता.

बोध शेवटी सांगतात. मी इथेच सांगून टाकतो: न बघता स्वस्तात घेतलं, की राहिलेली किंमत आपल्याच गोठ्यातून द्यावी लागते.

पारख्याने पांढरा बैल सोडला. जोडीतला दुसरा हंबरत राहिला. बैल घेऊन पारखी घाट चढून पलीकडे गेला आणि बहिणीच्या अंगणात कासरा तिच्या हातात दिला. तिने बैल ओळखला. गावाच्या पुढे चालणारा बैल आता डोळ्यांवर झापड बांधून एकाच जागी फिरणार, हे दोघांनाही दिसत होतं.

पारखी म्हणाला, "अक्का, भाऊबीजेची ओवाळणी समज."

बहीण म्हणाली, "ओवाळणी वेगळी आणायची. हे देणं आहे."

पारख्याने मान डोलावली. थंडीत मागचा डावा पाय आखडतो, एवढं तिला सांगितलं. मग बैलाला झापड बांधली आणि घाण्याला जुंपला. पहिल्या फेऱ्यांना बैल अडला, मग चालू लागला. दुपारी तेलाची धार पडली. देणं फिटलं.