रिकामी न येणारी वाटी

वस्तू एकमेकींशी बोलायच्या आणि माणसं फक्त मोबाईलशी, त्या काळातली ही गोष्ट. कुंदाकाकूंचा मोबाईल फडताळातल्या स्टीलच्या वाटीला सारखा चिडवायचा. "पूर्वी विरजण मागायला तू शेजारी जायचीस म्हणे! आता माझ्यावर बोट टेकवलं की दही दारात येतं. तुझं काय काम?"

वाटी फडताळात तशीच कोरडी पडून असायची.

एकदा सकाळीच नेट गेलं. दुपारी जावई कढी-भात खायला येणार आणि घरात दह्याचा थेंब नाही! मोबाईलवरचं चक्र नुसतं गरगरत राहिलं. शेवटी काकूंनी वाटी घेतली आणि शेजारच्या मेहरूनभाभींचं दार वाजवलं.

"भाभी, थोडं दही आहे का हो?"

"आहे की! पण आधी आत या. शेजारी राहून तोंड दिसत नाही तुमचं."

कढी झकास झाली. जावई तृप्त होऊन गेले. काकूंनी तीच वाटी धुऊन कढीने भरली आणि पदराखाली धरली. तेवढ्यात नेट आलं.

"आलो मी!" मोबाईल ऐटीत म्हणाला. "जा आता, बस फडताळात."

"बसले असते रे," वाटी म्हणाली, "पण भाभींकडे निघालेय. आणि त्याही मला रिकामी धाडायच्या नाहीत."

संध्याकाळभर मोबाईल वाजत होता. काकू शेजारी हसत होत्या.