मल्लिनाथचा डबा

एकदा एक धान्याचा व्यापारी एका महाविद्यालयाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. वय सत्तरीच्या पुढचे, डोक्यावर पांढरी टोपी, पायांत करकर वाजणाऱ्या वहाणा. त्या दिवशी तेथे स्मरणसभा होती. महाविद्यालयाचे जे माजी विद्यार्थी वर्षभरात निवर्तले, त्यांचे स्मरण तेथे दर वर्षी केले जाई. पहिल्या संध्याकाळी श्रद्धांजली आणि दुसऱ्या सकाळी समारोप, असा शिरस्ता होता. गेलेल्यांचे सहाध्यायी दूरदूरहून येत आणि जुन्या वसतिगृहात उतरत.

ही प्रथा एका वृद्ध आचार्यांनी सुरू केली होती. आता त्यांचा आवाज थकला होता, म्हणून त्या वर्षी बोलण्याचे काम त्यांनी आपल्या शिष्याकडे सोपवले. हा शिष्य तेथेच शिकून तेथेच अध्यापक झालेला. भाषेवर त्याचे प्रभुत्व होते, आणि ते आहे हे त्याला चांगले ठाऊकही होते.

या गोष्टीत जिवंत माणसांना नावे नाहीत. नावे फक्त गेलेल्यांना आहेत, कारण त्यांना ती अधिक लागतात.

व्यापारी आचार्यांच्या खोलीत आला, टोपी काढून बसला. शिष्यही तेथेच होता.

"गुरुजी, मल्लिनाथ माझा पोरगा. वीसेक वर्षांमागं हितं शिकायला होता. कावीळ झाली, अंगावर काढली, दिवाळीनंतर गेला. एकुलता एक. दुकानात लक्ष न्हाई, परीक्षेत पास व्हायचं नाव न्हाई. मी त्याला सारखं म्हणायचो, तू काही कामाचा न्हाईस. ते ऐकतच मोठा झाला आन् ऐकतच गेला. आता मला घरात बसवत न्हाई. तुम्ही शिकवलंय त्याला. खरं काय ते सांगा. खरंच काही कामाचा नव्हता का तो?"

आचार्य त्याच्याकडे वळले. "शेठजी," ते म्हणाले, "आज सभेला बसा. आणि उद्या सकाळच्या सभेलाही थांबा. मधेच उठून गावाला जाऊ नका."

संध्याकाळी सभागृह भरले. आपल्याकडे माणूस गेला की एका रात्रीत मनमिळाऊ होतो. हयातीत ज्याच्या सावलीला कोणी उभे राहत नव्हते, तो अजातशत्रू ठरतो आणि त्याच्या जाण्याने कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण होते. शिष्याने प्रत्येक दिवंगतावर एकेक पान लिहिले होते. प्रत्येक पानाला नावाची चिठ्ठी टाचलेली होती. मोठी सुरेख पाने होती ती. ज्ञानपिपासा, विनय, ऋजुता, काहीही उणे नव्हते. शिष्य एकेक चिठ्ठी पाहून नाव उच्चारी आणि पान वाची. पदर डोळ्यांना लागत होते, माना हलत होत्या. मल्लिनाथचे नाव आले तेव्हा शिष्याने वाचले, "कुशाग्र बुद्धी आणि अखंड अध्ययन यांचा संगम म्हणजे आपला हा मित्र."

सभा संपल्यावर व्यापारी शिष्याजवळ आला आणि हात जोडून म्हणाला, "लई चांगलं बोललात, मास्तर. असा होता व्हय तो? मला बापाला कधी कळलंच न्हाई." बोलताना त्याचा चेहरा मात्र आणखीच उतरला होता. ज्याला शोधायला आलो तो सापडला नाही आणि त्याच्या जागी कोणी परकाच पुढे आणून बसवला, असे त्याला वाटत असावे. तो वसतिगृहाच्या पायरीवर एकटाच जाऊन बसला.

शिष्य प्रसन्न मनाने आचार्यांकडे गेला. आचार्य हसत होते.

"आज सकाळी तू स्नानाला गेलास," ते म्हणाले, "तेव्हा मी तुझ्या पानांवरच्या चिठ्ठ्या काढल्या आणि एकमेकांत बदलून पुन्हा टाचल्या. पुरुषांच्या पुरुषांत, स्त्रियांच्या स्त्रियांत. व्याकरण तेवढं सांभाळलं."

शिष्याला आधी अर्थच कळेना. मग त्याने पाने पुन्हा चाळली. मल्लिनाथच्या नावाखाली त्याने वाचले होते ते सुवर्णपदक मिळवलेल्या एका गणितज्ञाचे पान. केशरीनाथ नावाच्या गृहस्थांना त्याने 'मृदुभाषी' म्हटले होते. ते गृहस्थ म्हणजे उभ्या गावाशी भांडलेले.

"पण गुरुजी, त्यांच्या पत्नी तर पहिल्या रांगेत होत्या! त्यांनाही कळलं नाही?"

"त्यांना कळलं असेल. पण सभेत उठून कोण बोलतं? गेलेल्याविषयी वाटेल ते ऐकून घ्यायची आपल्याकडे रीतच आहे. मला त्यांचं नवल नाही वाटलं. लिहिणारा तू, वाचणारा तू, आणि तुला कळलं नाही!"

शिष्याला पायरीवर बसलेला तो म्हातारा आठवला, आणि स्वतःची इतकी शरम वाटली की डोळ्यांत पाणी आले.

आचार्यांचा स्वर मऊ झाला. "अरे, जो सदरा सगळ्यांना बसतो तो कोणाचाच नसतो. तू त्यांना गुण दिलेस, माणूस काढून घेतलास. गेलेल्याला मोठा करायचं काम आपलं नाही. तो जसा होता तसा क्षणभर सभेत आणून उभा करायचा, इतकंच आपलं काम. तो बाप इथे स्तुती मागायला आलेला नाही, मुलगा मागायला आला आहे. जा. पंगत बसली आहे. तिथे कागद नेऊ नकोस."

शिष्य भोजनगृहात गेला. मल्लिनाथचे सहाध्यायी एका रांगेत जेवत होते. कोणाचे पोट सुटलेले, कोणाला टक्कल पडू लागलेले. शिष्याने विचारले, "मल्लिनाथ कसा होता हो?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसले. "मल्ल्या?" आणि बघता बघता सगळी रांग हसू लागली. एकाने तर उष्ट्या हातानेच पाटावर ताल धरला. वाढपी भाताचे पातेले घेऊन तसाच ऐकत उभा राहिला. शिष्य सर्वांत शेवटी उठला आणि उठला तो कोठीघराकडे वळला.

दुसऱ्या सकाळी तो सभेसमोर रिकाम्या हातांनी उभा राहिला.

"काल मी मल्लिनाथविषयी जे वाचले, ते खोटे होते," तो म्हणाला. "मल्लिनाथ कुशाग्र नव्हता. तो दोनदा नापास झाला. खेळात तो कधी संघात नव्हता. नाटकात त्याला भालदाराचे काम दिले, तेही तो विसरला."

सभेत चुळबूळ झाली. श्रद्धांजलीत असे कोणी बोलत नाही. व्यापाऱ्याची मान खाली गेली. पहिल्या रांगेतल्या काहींनी आचार्यांकडे पाहिले. ते डोळे मिटून स्वस्थ बसले होते.

"पण या महाविद्यालयाच्या मैदानावर जो कोणी हरत असे," शिष्य पुढे म्हणाला, "त्याच्या बाजूला मल्लिनाथ असे. कबड्डीत आपला संघ जिंकू लागला की हा उठून समोरच्या संघाच्या पोरांत जाऊन बसायचा आणि त्यांच्यासाठी ओरडायचा. त्यापायी त्याने आपल्याच मित्रांचा मार खाल्ला आहे. आणि तो नुसता ओरडत नसे."

शिष्याने मेजाआडून एक चौकोनी पत्र्याचा डबा काढला. कोठीघरात त्यात मिरच्या भरलेल्या असत. एका अंगाने तो पार चेपलेला होता आणि दुसऱ्या अंगावर एका दुकानाचे पुसट झालेले नाव होते.

व्यापारी ताडकन उठला. "माझ्या दुकानाचा डबा! ह्याच्यात लाडू पाठवायचो मी. एक डबा माघारी आला न्हाई म्हणून किती बोललो होतो त्याला!"

"लाडू आम्ही खायचो, काका," मागून एक गृहस्थ म्हणाले, "आणि डबा तो बडवायचा." ते उभे राहिले. "लांब पल्ल्याच्या शर्यतीत मी शेवटचा होतो. बाकीचे कधीच पोचले होते. पंच जेवायला गेले, मैदान ओस पडलं. मी थांबणार, इतक्यात त्या टोकाला डबा वाजायला लागला. एकटा मल्ल्या, भर उन्हात. मी पोचेपर्यंत त्यानं हात थांबवला नाही. मी शेवटचा आलो, काका. पण आलो!"

मग एक बाई उठल्या. त्या न्यायाधीश होत्या, सभेतले सगळे त्यांना ओळखत होते. "मी नापास झाले होते," त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "पुन्हा परीक्षेला बसायचं धाडस होत नव्हतं. सकाळी फाटकाशी आले आणि परत फिरणार, तर मल्लिनाथ हा डबा घेऊन उभा. एवढा गोंगाट केला की रस्त्यावरची माणसं बघायला लागली. लाजेनं मी धावतच वर्गात शिरले. त्या परीक्षेत मी पास झाले. तो त्याच परीक्षेत नापास झाला, आणि निकालाच्या दिवशी डबा वाजवत माझ्या घरी आला. आज मी जिथे बसते, तिथे त्यानं मला बसवलंय."

व्यापारी एकदा त्यांच्याकडे, एकदा डब्याकडे पाहत होता. तो व्यासपीठाशी आला. त्याने डबा हातांत घेतला आणि चेपलेल्या बाजूवरून तळवा फिरवला. त्या प्रत्येक खड्ड्यात त्याच्या पोराची मूठ होती. मग त्याने डबा काखेत धरला आणि दुसऱ्या हाताने वाजवू लागला. आधी हळू, मग जोरात, मग अंगातले सगळे बळ लावून. टोपी पडली, तिकडे त्याचे लक्ष नव्हते. डोळे वाहत होते आणि तो हसत होता. सहाध्यायांनी बाकांवर ताल धरला. सगळी सभा उभी राहिली. जेथे दर वर्षी दोन मिनिटे मौन पाळले जाई, तेथे त्या सकाळी भिंती दणाणल्या.

आवाज ओसरला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक वृद्ध बाई पदर खोचून उठल्या. त्या केशरीनाथांच्या पत्नी. "आता माझ्या माणसाचं मी सांगते," त्या म्हणाल्या. "काल त्यांना मृदुभाषी म्हणालात, मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच्या सभेत बसले. फार भांडायचे ते. पण आमच्या आळीच्या नळाला पाणी आलं, ते त्या भांडणानंच." सभा खळखळून हसली, आणि केशरीनाथही आत येऊन बसले.

निघताना आचार्य व्यापाऱ्याला पोचवायला फाटकापर्यंत आले. शिष्याच्या हातात डबा होता. त्याकडे बोट दाखवून आचार्य म्हणाले, "शेठजी, हा घेऊन जा. तुमचाच आहे."

व्यापाऱ्याने टोपी नीट केली. मैदानावर पोरांचा कबड्डीचा डाव रंगला होता आणि एक बाजू चांगलीच मार खात होती. तो क्षणभर तिकडे पाहत राहिला.

"नको, गुरुजी," तो म्हणाला. "हितंच ऱ्हाऊ द्या. कुणीतरी हरत असंल, त्याला लागंल."

आणि तो ताठ मानेने चालू लागला. शिष्याने डब्याकडे पाहिले, मैदानाकडे पाहिले, आणि धोतराचा सोगा खोचून हरणाऱ्या पोरांच्या बाजूला जाऊन बसला.

आपल्या माणसाविषयी चार शब्द बोलायला उभे राहाल, तेव्हा मनातल्या मनात त्याचे नाव बदलून पाहा. वाक्य तरीही बसत असेल, तर खाली बसा आणि त्याला पुन्हा आठवा.