बांधावर थांबायचं नाही

अहो पाहुणे, फोटो नंतर! चला पुढं. तळ्याभोवतीच्या पायवाटेवर कुठंही खुशाल बसा, पण बांधाचा हा खचका कोपरा ओलांडेपर्यंत थांबायचं नाही, मागं बघायचं नाही. का? चालता चालता ऐका.

फार जुनी गोष्ट सांगतात. गावानं हा मातीचा बांध घातला, पण पाऊस तोंडावर आला आणि या कोपऱ्यातली माती तुडवायची राहिली. घाई म्हणा, आळस म्हणा. तळं तुडुंब भरलं आणि एका दुपारी इथून पाणी झिरपू लागलं. नितळ असतं तर चाललं असतं. ते गढूळ होतं, म्हणजे आतली माती सुटली होती.

बांधाखालची वाडी टेकडीवर पळाली. मागं राहिली ठकूबाई धनगरणीची लेक म्हाळसा. तिला कळा सुरू झालेल्या, हलवायची सोय नव्हती. सुईण तेवढी तिच्यापाशी. इकडं बाप्ये पाट्या भरभरून माती टाकत होते, पण सैल माती टिकते होय? टाकली की वाहून जायची.

"माणसं पुरायची नाहीत तुडवायला," ठकूबाई म्हणाली, "माझी मेंढरं घालते."

मेंढरं बांधावर पाय ठेवीनात. तेव्हा तिनं म्होरक्या मेंढीचं कोकरू खांद्यावर घेतलं आणि स्वतः पुढं निघाली. कोकरू ओरडलं तशी मेंढी धावली, मेंढीमागं सगळा कळप. टोकाला जायचं, वळायचं, परत यायचं.

तिसऱ्या फेरीला ही कड ढासळली आणि म्होरकी मेंढी पाण्यात गेली. ठकूबाईनं तिचा आवाज ओळखला म्हणे. काळीज फाटलं बाईचं. पण ती थांबली असती तर कळप थांबला असता, आणि खाली लेक होती. तिनं मागं पाहिलं नाही. खांद्यावरचं कोकरू आईला हाका मारत राहिलं आणि त्या हाकेमागं मेंढरं चालत राहिली.

दिवस कलताना पाणी नितळ झालं. वाडीतून सुईण ओरडली, "ठकू, नात झाली गं!" ठकूबाई तेव्हा पलीकडच्या काठाला पोचली होती. तिथं ती पहिल्यांदा थांबली, मागं पाहिलं, या कोपऱ्याला हात जोडले आणि ढसाढसा रडली. "बाई, तुझं लेकरू मी सांभाळीन," म्हणाली.

आजही आमच्यात बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडली की लेकराला खांद्यावर घेऊन हा बांध न थांबता ओलांडते.

हं, आलो पलीकडं. आता वळा. आधी हात जोडा, मग काढा तुमचे फोटो.