चालू गाडीचे तेल

एकदा एका डोंगरपायथ्याच्या गावात एक वृद्ध वस्ताद मोटारी दुरुस्त करीत असत. त्यांचे गॅरेज आणि माझे स्वयंपाकघर यांच्यामध्ये छातीइतकी भिंत आहे. त्यामुळे ही हकिकत मी कोणाकडून ऐकलेली नाही. मेथी निवडता निवडता जेवढे दिसले आणि कानावर पडले तेवढेच सांगते. त्या दिवशी मेथी जरा जास्तच वेळ निवडली गेली, हेही खरे.

वस्तादांचा एक शिष्य होता. चांगला पस्तिशीचा गृहस्थ. दहा-बारा वर्षे ट्रॅक्टर दुरुस्त करून मग त्यांच्या हाताखाली आलेला. हाताला जोर आणि मनाला घाई. "गाडी फाटकातून आत शिरली की मला कळतं काय बिघडलंय ते," असे तो म्हणे. वस्ताद हसून म्हणत, "मला तर ती परत जाईपर्यंतसुद्धा कधी कधी कळत नाही."

गावात, आमच्या समोरच्याच घरात, एक शिक्षिका होत्या. त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू. क्लच दाबणे त्या पायाला जमत नाही, म्हणून त्यांनी कधीकाळी एक ऑटोमॅटिक गाडी घेतली होती, आपले गिअर आपणच बदलणारी. त्यांची शाळा घाटावरच्या वाडीत, सोळा किलोमीटर लांब. एसटी जाते ती दुपारी, शाळा सुटायच्या बेताला. एकोणीस वर्षे त्या या गाडीनेच वर गेल्या. वाडीतल्या मुलांना गाडीचा आवाज पाठ होता. तो ऐकला की प्रार्थनेची रांग आपोआप लागायची.

या वर्षी मात्र गाडी अडखळू लागली. चढाला लागले की इंजिन नुसते गुरगुरायचे, गाडी जागची हलायची नाही, आणि दोन-तीन श्वासांनंतर पाठीत धक्का दिल्यासारखा गिअर पडायचा. एकदा अवघड वळणावर मागून ट्रक येत असताना असे झाले, तेव्हा बाई घाबरल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच गॅरेजला आल्या.

वस्ताद तेव्हा लेकीकडे गेले होते. शिष्याने बोनेट उघडले. गाडी मघापासून उभी असल्याने गार झालेली. त्याने गिअरचे तेल मोजायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. तेल वरच्या खुणेपर्यंत.

"तेल पुरेपूर आहे बाई. म्हणजे दोष आतलाच. गिअरबॉक्स गेला समजा. हिचे आतले भाग आता कुठं मिळत नाहीत. फार तर पंधरा दिवस चालेल."

बाईंनी मान हलवली. मी भिंतीवरून विचारले, "काय म्हणाले हो?"

"काही नाही वहिनी. जुनी झालीय," त्या म्हणाल्या आणि पर्स उघडून उगीचच बंद केली.

तिसऱ्या दिवशी वस्ताद परतले. दुपारी बाई पुन्हा आल्या, पण दुरुस्तीसाठी नव्हे. "भंगारवाल्याचा पत्ता हवा होता," त्या म्हणाल्या.

"देतो की," वस्ताद म्हणाले. "आधी मला जरा घाटाकडं फिरवून आणा. बरेच दिवसांत गेलो नाही."

शिष्य पान्ह्यांची पेटी घेऊन पुढे आला. वस्तादांनी ती खाली ठेवायला लावली. हातात काहीच न घेता ते मागच्या सीटवर जाऊन बसले, खांद्यावरचा पंचा मांडीवर घेतला आणि पाहुणा बसतो तसे डोळे मिटून घेतले. शिष्य पुढे बसला. गाडी गेली. आता यात निदान कसले होणार, मला काही कळेना. शिष्यालाही कळले नसावे, त्याचे तोंड पाहण्यासारखे झाले होते.

अर्ध्या तासाने गाडी परत आली. बाई किल्ली फिरवणार तोच वस्ताद म्हणाले, "बंद नका करू. सपाट जागेवर घ्या. ब्रेकवर पाय ठेवा आणि गिअरचा दांडा एकेका खुणेवर न्या. घाई नको, प्रत्येक ठिकाणी थोडं थांबा. मग पार्किंगवर आणा."

बाईंनी तसे केले. इंजिन चालूच होते.

"एखादा पांढरा कागद आहे का?"

बाई क्षणभर थांबल्या. मग पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून त्यांनी पुढे केला. एका बाजूला काही लिहिलेले होते. वस्तादांनी अक्षरांची बाजू खाली केली, चष्मा नसल्याने त्यांना ती वाचताही आली नसती, आणि कागद इंजिनाखाली पुढच्या बाजूला सरकवला.

"आता पट्टी काढ," ते शिष्याला म्हणाले.

"वस्ताद, इंजिन चालू आहे."

"बहिरा नाही झालो अजून. काढ."

शिष्याने पट्टी काढली, पुसली, बुडवली, पुन्हा काढली. मग पुसून परत एकदा बुडवली. तेल जेमतेम टोकाला लागले होते. खालच्या खुणेच्याही खाली.

"परवा भरलेलं होतं," तो पुटपुटला. "मी डोळ्यांनी पाहिलं."

वस्तादांनी टोकावरचे तेल बोटांत चोळले, हुंगले आणि बाईंकडे वळले. "लाल आहे. जळका वास नाही, काजळी नाही. हिच्या पोटात काही मोडलेलं नाही, बाई. ही नुसती तहानलेली आहे."

एवढ्यात खालच्या कागदावर एक थेंब पडला. कुंकवासारखा लाल. मग दुसरा. रेडिएटरकडे जाणारी तेलाची नळी आवळून धरणारा पट्टा सैल झाला होता. गाडी तापली, तेलाला जोर आला, की तिथून गळायचे. उभी राहून गार झाली की गळती बंद. घरासमोर फरशीवर कधी डाग पडला नाही, तो यामुळे.

शिष्य खाली मान घालून म्हणाला, "ट्रॅक्टरच्या इंजिनाचं तेल मी आयुष्यभर बंद करूनच बघत आलो. वाटलं, सगळ्यांची तीच रीत."

वस्ताद पायरीवर बसले. "हे बघ गड्या, परवा पट्टी खोटं बोलली नाही. गाडी बंद असते तेव्हा वर कामाला गेलेलं तेल खाली उतरून जमा होतं, म्हणून भरल्यासारखं दिसतं. चालू असते तेव्हा ते सगळीकडं राबत असतं. तेव्हा खाली किती उरलं, ते हिचं खरं उत्तर. तू तिला विसाव्याला बसलेली असताना विचारलंस, बाई तुझं बरं आहे का. ती म्हणाली, बरं आहे. चढावर दमलेली असताना कोण विचारणार?"

मग ते म्हणाले, "तुझ्या वयाचा असताना मी हीच चूक केली. एका डॉक्टरांची गाडी माझ्या शब्दावर मोडीत गेली. पुढं कळलं, तेलच कमी होतं. मी जाऊन सांगितलं. त्यांनी मला घरात घेतलं, शेजारी बसवून जेवू घातलं आणि म्हणाले, सांगायला आलास हे बरं केलंस. त्या ताटाचे उपकार आज चाळीस वर्षं मी गाड्यांवर फेडतोय. तूही फेडशील."

शिष्याने नळीचा पट्टा बदलला आणि थोडे थोडे तेल घालीत, इंजिन चालू ठेवूनच पुन्हा पुन्हा पट्टी पाहिली. मग कागद उचलायला तो वाकला. थेंब ओले होते म्हणून त्याने कागद अलगद उलटा केला आणि त्याची नजर अक्षरांवर गेली. मुख्याध्यापकांच्या नावाने अर्ज होता, हे बाईंनी मला मागाहून सांगितले. वाहनाची सोय न राहिल्याने सेवेतून स्वेच्छेने निवृत्त होऊ इच्छिते. तारीख तो गिअरबॉक्स गेला म्हणाला त्याच दिवसाची.

 मग तो दोन्ही हातांनी कागद बाईंपुढे धरून म्हणाला, "बाई, हा खराब झाला. माझ्यामुळं."

बाईंनी तो लाल डाग पाहिला. त्यांचे डोळे भरून आले, पण आवाजात वर्गातलीच धार होती. "छान झालं खराब. नाहीतर उद्या द्यायचा होता. ठेवा तुमच्याकडेच."

शिष्याने तो कागद गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला लावला आहे, थेंबांची बाजू बाहेर. कोणी विचारले तर सांगत नाही. पण हल्ली गाडी आत आली की तो आधी मालकाला म्हणतो, "चला, एक चक्कर मारून येऊ."

आणि मी? त्या दिवशी 'काही नाही वहिनी' एवढे ऐकून मी समाधानाने मेथीकडे वळले होते. आता बाई सकाळी निघतात तेव्हा मी त्यांच्या फाटकापर्यंत जाते आणि त्यांची डब्याची पिशवी गाडीत ठेवून देते. गाडी चढाला लागते, वेळेवर गिअर पडतो, आवाज एकदम हलका होतो, आणि भिंतीपलीकडच्या त्या दोघांसाठी माझे हात नकळत जुळतात.

आपले माणूस निवांत बसून 'बरं आहे' म्हणाले, तर ऐकून घ्यावे. आणि ते चढावर असेल तेव्हा पुन्हा एकदा विचारावे.