धोका नक्की कोणापासून?

विषय : श्रीमती इंदुमती धुरी यांच्या बंदुकीचा परवाना रद्द करणे.
संदर्भ : सरपंच तात्यासाहेब खोत यांची तक्रार.

रानडुकरे भाताची नासधूस करीत, म्हणून इंदूकाकींनी नवऱ्यामागे त्याची बंदूक रीतसर आपल्या नावावर करून घेतली. ती खांद्याला अडकवून त्या भरबाजारातून शेतावर जात. सुरुवातीला लोक बाजूला सरले. मग "काकी, जाता जाता आमच्या शेतातही डोकावा," म्हणू लागले. एकट्या तात्यासाहेबांना गाव भयभीत दिसले. ते स्वतः बारशालाही कमरेला पिस्तूल लावून जात, ही गोष्ट वेगळी.

चौकशीला प्रांतसाहेब आले. निवडणूक तोंडावर असल्याने ग्रामपंचायतीत गर्दी होती. परवाना गेला तर यंदाचे भातही गेले, हे काकी जाणून होत्या.

"बाईमाणूस बंदूक घेऊन फिरते, लोक घाबरतात," तात्यासाहेब म्हणाले.

"साहेब," काकी म्हणाल्या, "माझी बंदूक डुकरांसाठी. तात्यांचं पिस्तूल जिवाला धोका आहे म्हणून. डुकरं मी दाखवते, चला. धोका ज्यांच्यापासून आहे, ती माणसं तात्यांनी दाखवावीत. सगळं गाव समोरच बसलंय."

प्रांतसाहेबांनी पेन उघडले. "सांगा, नावं लिहून घेतो."

तात्यासाहेबांनी समोरच्या मतदारांकडे पाहिले. "छे, सगळी आपलीच माणसं."

"मग पिस्तूल कशाला?" प्रांतसाहेबांनी विचारले.

काकींचा परवाना कायम राहिला. पिस्तूल ठाण्यात जमा झाले. ते परत मिळावे म्हणून तात्यासाहेबांनी अर्ज केला आहे. 'धोका कोणापासून' हा रकाना कोरा असल्याने सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.