बुवांच्या मठातलं ताक

निरंजनबुवा मुळात मोठे सज्जन. पण राजाने त्यांना शिक्षा करण्याचा अधिकार दिला आणि बघता बघता गावात मोठ्याने हसणंही पाप ठरलं. भांड्यांना कल्हई लावणारी येसाई कीर्तनात हसली, तेव्हा बुवांनी तिला गाव सोडायला सांगितलं.

"बुवा, तुम्ही असे नव्हतात. अधिकाराने नासलात," येसाई म्हणाली.

"सज्जन कधी नासतो का? उद्यापर्यंत सिद्ध कर, नाहीतर चालती हो!"

येसाईने मठातलंच ताजं ताक मठातल्याच जुन्या पितळी पातेल्यात ओतून ठेवलं. दुसऱ्या दिवशी भरल्या सभेत तिने ते बुवांपुढे धरलं. ताक हिरवट झालं होतं.

"हे कळकलंय! मला विष पाजतेस?" बुवा ओरडले.

"ताक तर तुमचंच, सोवळ्यात घुसळलेलं. मग नासलं कसं?"

"अगं, त्यात ताकाचा काय दोष? भांड्याला कल्हईच नाही!"

"तेच म्हणते मी, बुवा. तुमच्या गादीलाही कल्हई नाही. तुम्हाला जाब विचारणारं आहे कोण?"

अख्खी सभा खदखदून हसली. आता हसणाऱ्यांना हाकलायचं, तर गावात एकटे बुवाच उरले असते.